राष्ट्राध्यक्षांची मुलगी सुझन फोर्ड अन् तिच्या आईची दारू : हळदीकुंकवात अन् नंतर फोनवर विचारलेले प्रश्न

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला नागपुरात त्रिमूर्ती नगरात आमच्या मंडळात मला दहा मिनिटं बोलायला सांगितलं होतं. मी सुझन फोर्डबद्दल बोलले, कारण गेली कितीतरी वर्षं ती बाई माझ्या डोक्यात आहे. वाण वाटून झालं, तिळगूळ झाला, तरी बायका उठायला तयार नाहीत, अन् नंतर पंधरा दिवस फोन सुरू. प्रत्येकीला वेगवेगळं सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकते. प्रश्न जसे विचारले तसेच ठेवलेत.

ही सुझन फोर्ड कोण? आम्ही तर नावही ऐकलं नाही.

अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड, त्यांची मुलगी. तीन भावांवर एकटी बहीण, सगळ्यात लहान, जन्म ६ जुलै १९५७. वडील मिशिगनमधून संसदेत निवडून जायचे, घर अगदी साधं, वॉशिंग्टनच्या बाजूला अलेक्झांड्रियात. १९७३ मध्ये उपराष्ट्राध्यक्षांना राजीनामा द्यावा लागला म्हणून फोर्डना त्या जागी आणलं, मग ९ ऑगस्ट १९७४ ला राष्ट्राध्यक्ष निक्सन राजीनामा देऊन गेले अन् हे थेट राष्ट्राध्यक्ष. म्हणजे दोन्हीपैकी एकाही पदासाठी देशानं मत दिलेलं नाही असा हा एकच माणूस तिकडच्या इतिहासात. तर ही सतरा वर्षांची पोरगी एका उन्हाळ्यात शाळकरी मुलगी होती अन् उन्हाळा संपायच्या आत व्हाइट हाऊसमध्ये राहायला गेली.

व्हाइट हाऊसमध्ये ती काय करायची? मजाच असेल न?

होती न मजा. ३१ मे १९७५ ला तिच्या शाळेतल्या शेवटच्या वर्षाच्या मुलींचा प्रॉम, म्हणजे निरोपाचा नाचगाण्याचा कार्यक्रम, व्हाइट हाऊसच्या ईस्ट रूममध्ये झाला, आईबाबा त्या वेळी युरोपच्या दौऱ्यावर. शिवाय तिला फोटोग्राफीचं वेड लागलं. वडिलांचा सरकारी फोटोग्राफर डेव्हिड केनर्ली, त्याच्याकडून शिकली, त्या उन्हाळ्यात कॅन्सस राज्यातल्या टोपेका गावच्या पेपरात जाऊन काम केलं. राष्ट्राध्यक्षांची मुलगी अन् गावच्या पेपरात फोटो काढून राहिली, मला हे फार आवडतं. पुढं तिनं फोटोग्राफर म्हणून पेपर-मासिकांसाठीही काम केलं.

तुम्ही आईच्या कॅन्सरचं काहीतरी म्हणाल्या होत्या, ते नीट सांगा.

व्हाइट हाऊसमध्ये येऊन दोन महिनेही झाले नव्हते. सप्टेंबर १९७४ मध्ये आई बेटी फोर्ड, छप्पन वर्षांची, साध्या तपासणीला गेली तर डॉक्टरांच्या हाताला स्तनात गाठ लागली, अन् २८ सप्टेंबरला ऑपरेशन करून स्तन काढावा लागला. त्या काळात अमेरिकेतसुद्धा हा शब्द लोक मोठ्यानं बोलत नव्हते बरं का, पेपरात 'दीर्घ आजार' छापायचे. बेटीनं लपवलं नाही. सगळं जाहीर केलं, दवाखान्यातला फोटोही येऊ दिला, अन् मग देशभर बायका तपासणीच्या रांगेत उभ्या राहिल्या. त्यातच पुढं उपराष्ट्राध्यक्ष झालेल्या नेल्सन रॉकफेलरांची बायको, तिनंही बेटीचं ऐकून स्वतःला तपासलं तर तिलाही गाठ निघाली.

आई पलंगावर, तर परदेशी वकिलातींच्या लोकांसाठी जो समारंभ होता तिथं आईच्या जागी उभं राहून पाहुण्यांचं स्वागत कोणी केलं, तर सुझननं. वय सतरा. आपल्याकडे आई आजारी पडली की मोठी मुलगी चूल सांभाळते, तसंच हे, फक्त पाहुणे राजदूत. पुढं ऐंशीच्या दशकात आई अन् ती दोघी मिळून ब्रेस्ट कॅन्सरच्या जागृतीचं काम करायला लागल्या. सुझन गावोगाव जाऊन बायकांना सांगायची की तपासून घ्या.

आता आपलं बघा. भारतात बायकांमध्ये सगळ्यात जास्त आढळणारा कॅन्सर हाच आहे. मानेवाड्याकडे तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटल आहे, मेडिकल, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजचा दवाखाना आहे, तरी गाठ लागल्यावर सहा सहा महिने नवऱ्याला न सांगणाऱ्या बायका मी स्वतः पाहिल्यात. गाठ दुखत नाही म्हणून काही नसेल असं म्हणतात, अन् न दुखणारी गाठही दाखवायचीच असते. ज्यांनी हा प्रश्न विचारला त्या मावशींनी नंतर अपॉइंटमेंट घेतली.

तिच्या आईनं टीव्हीवर मुलीबद्दल काही भलतंच बोललं होतं म्हणे?

भलतं नव्हतं हो, खरं बोलली होती. ऑगस्ट १९७५ मध्ये टीव्हीच्या मुलाखतीत विचारलं की तुमच्या अठरा वर्षांच्या मुलीनं येऊन सांगितलं की तिचं कोणाशी प्रेमप्रकरण सुरू आहे तर काय कराल. बेटी म्हणाली, मला आश्चर्य वाटणार नाही, तीही माणूसच आहे. झालं, रागाच्या पत्रांचे ढीगच्या ढीग आले. माझं म्हणणं एवढंच की ज्या घरात आई असं बोलू शकते त्याच घरात मुलगीही आईला पुढं जे बोलली ते बोलू शकते. नाही तर आमच्या घरी 'मोठ्यांसमोर तोंड उघडायचं नाही' हा पहिला नियम होता.

पण एवढ्या मोठ्या घरची बाई, तिला दारूचं व्यसन कसं लागलं?

हा प्रश्न तर प्रत्येकीनं विचारला. व्यसन म्हटलं की डोळ्यापुढं भट्टीसमोर पडलेला माणूस येतो.

बेटीच्या मानेत १९६४ च्या सुमारास नस दबली, जीवघेणं दुखायचं. डॉक्टरांनी पेनकिलर दिल्या, मग अजून दिल्या, मग झोपेच्या गोळ्या. नवरा सतत दौऱ्यावर, चार लेकरं, घर एकटीवर, अन् संध्याकाळी एक ग्लास. गोळ्या अन् दारू एकत्र झाल्या की एकाचा असर दुसरी वाढवते, ते शरीराला दुप्पट खाते. व्हाइट हाऊसमध्ये असताना कामात झाकून गेलं. १९७६ ची निवडणूक नवरा हरला, आवाज बसला होता म्हणून पराभवाचं निवेदन तिनंच वाचलं, बाजूला लेकरं उभी. मग कॅलिफोर्नियातल्या वाळवंटाकडं राहायला गेले अन् तिथं काम नाही, लोक नाहीत, तेव्हा सगळं उघडं पडलं. गोळ्या डॉक्टरनं लिहिलेल्या, म्हणजे आपलं काही चुकत नाही असं तिला खरंच वाटायचं.

आता तुमच्या गल्लीत झोपेच्या गोळ्या न घेता झोप न येणाऱ्या किती बायका आहेत ते मोजा. दारूचा वास येतो तरी, गोळ्यांचा तर वासही येत नाही.

१ एप्रिल १९७८ ला नक्की काय झालं? ते परत सांगा, माझी सून नव्हती ऐकायला.

सांगते. मला ही गोष्ट कितीदाही सांगावी वाटते.

घरात सगळ्यांना दिसत होतं. आई अडखळत बोलते, पाय मागं ओढते, जेवत नाही, दिवस दिवस गाऊनमध्ये. पण तोंडावर म्हणायची कोणाची हिंमत होईना. सुझन तेव्हा वीस वर्षांची. तिनं तिच्या ओळखीच्या एका डॉक्टरांना सांगितलं, डॉ. जोसेफ क्रूज, स्त्रीरोगतज्ज्ञ, अन् ते स्वतः दारूतून बाहेर आलेले. म्हणजे तिला सल्ला देणारा माणूस तो रस्ता चालून आलेला होता. दोघं मिळून आधी बेटीशी बोलायला गेले. काय झालं, तर बेटी चिडली, तुम्ही राक्षस आहात म्हणाली, निघा म्हणाली, अन् हाकलून दिलं.

इथं नव्वद टक्के घरं थांबतात. बोलून पाहिलं, ऐकत नाही, जाऊ द्या.

सुझन थांबली नाही. वडिलांना कळवलं, ते व्याख्यानांचा दौरा सोडून रात्रीचा प्रवास करून परत आले. भाऊ बोलावले, मोठी वहिनी आली. नौदलाच्या दवाखान्यात व्यसनाचे उपचार करणारे डॉक्टर जो पर्श अन् एक नर्स आल्या. सकाळी सगळे एकदम दारात. बेटीला वाटलं लेकरं भेटायला आलीत, ती खूश झाली. मग सगळे गोल बसले अन् एकेक जण बोलला. शिव्या नाही, 'तू दारुडी आहेस' नाही. जे डोळ्यांनी पाहिलं तेवढंच. एक भाऊ म्हणाला मी मित्रांना घरी आणायचं बंद केलं, आई कोणत्या अवस्थेत असेल सांगता येत नव्हतं. दुसरा म्हणाला मी तुझ्यासाठी स्वयंपाक केला अन् तू ताटावर बसलीच नाहीस, नुसती पीत राहिली. वहिनी म्हणाली आम्हाला मूल व्हावं वाटते अन् त्याला चांगली धडधाकट आजी हवी. अन् सुझन म्हणाली की आई तू नाचायची तेव्हा मी तुझ्याकडे बघत राहायची, तुझी चाल किती डौलदार होती, आता तू पडतेस, अन् मी तुझ्याशी बोलायला येते तर तू तिथं नसतेस.

बेटी तरुणपणी खरोखरची नर्तकी होती, मार्था ग्रॅहम या तिकडच्या नामवंत नृत्यगुरूकडं शिकलेली. त्यामुळे तो शब्द कुठं लागला असेल बघा.

खूप रडली. पण हो म्हणाली. आठवडाभर घरीच डॉक्टरांच्या देखरेखीत गोळ्या उतरवल्या, त्यातच ८ एप्रिलला तिचा साठावा वाढदिवस आला, अन् १० तारखेला लाँग बीचच्या नौदलाच्या दवाखान्यात भरती. तिथं स्वतंत्र खोली नाही, इतर बायकांसोबत एकाच खोलीत. राष्ट्राध्यक्षांची बायको होती हो ती.

घरची गोष्ट अशी चव्हाट्यावर आणणं बरं का ताई? लोक काय म्हणतात?

माझ्या आईचंही हेच वाक्य होतं, झाकली मूठ सव्वा लाखाची. तेवीस वर्षं झाकली.

आमचे बाबा नोकरीवाले, नीटनेटके, शर्ट इस्त्रीचा, कामावर कधी खाडा नाही. शनिवारी रात्री सुरू करायचे, मग गुरुवारपासूनच, मग रोज. भांडण नाही, मारहाण नाही, म्हणून कोणी त्याला व्यसन म्हणतच नव्हतं. मी बारावीत असल्यापासून आई मला म्हणायची, तुझ्या लग्नाला अडचण होईल, बोलू नको. माझं लग्न झालं, पोरगी झाली, तरी मी बोलले नाही. एकदा एका दवाखान्यात नेलं तर तिथं सलाईन लावून, पोटाच्या गोळ्या देऊन घरी पाठवलं, दारू किती घेता हे कोणी विचारलंच नाही, अन् आम्हीही सांगितलं नाही, कारण आईनं डोळ्यांनी खुणावलं होतं.

सुझनची गोष्ट मी त्यानंतर वाचली. मी तेव्हा चौतीस वर्षांची. ती वीस वर्षांची असताना बोलली अन् मी चौतिशीत गप्प, हे मला फार लागलं. मग मी, भाऊ, धाकटे काका अन् व्यसनमुक्तीच्या कामातले एक समुपदेशक दादा, असे एका रविवारी सकाळी बसलो. सकाळ यासाठी की बाबा शुद्धीत असायचे. मी कागदावर लिहून नेलं होतं, हात थरथरत होते. मी एवढंच वाचलं की बाबा, माझ्या मुलीच्या बारशाला तुम्ही पाळण्याजवळ पडलात अन् मी पाहुण्यांना सांगितलं की तुम्हाला शुगरची चक्कर आली. बाबा काहीच बोलले नाहीत. उठून गॅलरीत गेले. आई माझ्याशी तीन महिने बोलली नाही. बाबा अकराव्या दिवशी स्वतः त्या दादांना फोन करून व्यसनमुक्तीच्या मिटिंगला गेले. मधे दोनदा घसरले. त्यानंतर जायच्या आधीची नऊ वर्षं कोरडी.

तर लोक काय म्हणतात? लोकांना आधीच माहीत असते हो. आपण एकटेच समजतो की मूठ झाकलेली आहे.

मग त्या बेटी फोर्ड सेंटरचं काय, ते सुझननं काढलं का?

नाही, आईनं. बेटीनं लिओनार्ड फायरस्टोन नावाच्या शेजाऱ्यासोबत, तोही दारूतून सुटलेला, १९८२ मध्ये कॅलिफोर्नियात रँचो मिराजला व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. दोन गोष्टी तिनं धरून ठेवल्या. एक, अर्ध्या जागा बायकांसाठी, कारण तोवर अशी केंद्रं पुरुषांना समोर ठेवूनच चालायची, अन् बायका लाजेनं जात नसत. दुसरी, घरच्या लोकांसाठीही कार्यक्रम, कारण व्यसन एकाला लागते अन् आजारी सगळं घर पडते.

सुझन १९९२ पासून संचालक मंडळावर, अन् २००५ मध्ये आईनंतर अध्यक्ष, पाच वर्षं. ज्या आईला हाताला धरून उपचाराला बसवलं तिच्याच खुर्चीवर बसून हजारो घरांचं काम पाहिलं. २०११ मध्ये बेटी गेली, त्र्याण्णव वर्षांची, म्हणजे त्या सकाळीनंतर तेहेतीस वर्षं तिला मिळाली. २०१४ मध्ये हे केंद्र हेझल्डन नावाच्या जुन्या संस्थेत विलीन झालं.

तिच्या नावानं जहाज आहे असं कोणी म्हणालं?

तिच्या नावानं नाही, वडिलांच्या. जेराल्ड आर. फोर्ड ही विमानवाहू युद्धनौका, सुझन तिची प्रायोजक, म्हणजे जहाजाची मानाची पालक. नोव्हेंबर २०१३ मध्ये नामकरणाची बाटली तिनं फोडली, जुलै २०१७ मध्ये नौका नौदलात आली.

आपल्या राष्ट्रपतींच्या मुलींचं काय? तिकडचंच कशाला सांगता?

आपलं उदाहरण तर रेशीमबागेतलंच आहे. जून २०१८ मध्ये माजी राष्ट्रपती प्रणव मुखर्जी संघाच्या कार्यक्रमाला नागपूरला आले होते, आठवते न, किती चर्चा झाली. तेव्हा त्यांची मुलगी शर्मिष्ठा, कथ्थक नर्तकी अन् त्या वेळी काँग्रेसमध्ये, तिनं आदल्या दिवशी जाहीरपणे म्हटलं की बाबा, तुमचं भाषण विसरलं जाईल, फोटो राहतील. वडील तरी आले, बोलले. कोण बरोबर यात मला पडायचं नाही, प्रत्येकाचं आपलं मत. मला एवढंच दिसलं की मुलीनं एवढ्या मोठ्या वडिलांना सगळ्यांसमोर 'मला पटत नाही' म्हटलं अन् नातं तुटलं नाही. पुढं तिनं वडिलांवर प्रेमानं लिहिलंही.

दारूबंदी केली तर हे सगळं करावंच लागणार नाही, नाही का?

आपला विदर्भ तर यात जुना जाणता आहे. वर्ध्यात बापूंमुळं कधीपासूनची बंदी, गडचिरोलीत १९९३ पासून, डॉ. अभय बंग अन् राणी बंग यांच्यासोबत गावोगावच्या बायका लढल्या. चंद्रपूरच्या बायका तर चिमूरहून पायी अधिवेशनावर आल्या होत्या, इथंच, आपल्या नागपुरात. २०१५ मध्ये १ एप्रिलपासून चंद्रपुरात बंदी झाली, २०२१ मध्ये उठली. मी त्या बायकांच्या बाजूची आहे, गल्लीतलं दुकान बंद झालं की नव्यानं लागणारे कमी होतात. पण ज्याला आधीच लागली आहे तो वर्ध्याहून बसनं नागपूरला येऊन पितो, हेही आपण बसस्टँडवर पाहतो. त्याला उपचारच लागतो. दोन्ही पाहिजे.

अमेरिकेत पैसा आहे, आम्ही कुठून आणायचा?

पैसे लागत नाहीत अशी दारं आहेत. अल्कोहोलिक्स अनॉनिमस, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांचा एकमेकांना आधार देणारा गट, त्याच्या मिटिंगा फुकट असतात, १९३५ मध्ये अमेरिकेत सुरू झाल्या, आता जगभर चालतात, नागपुरातही होतात, नाव विचारत नाहीत. घरच्यांसाठी अल-अनॉन वेगळी. सरकारची व्यसनमुक्तीची हेल्पलाइन १४४४६, मनाच्या त्रासासाठी टेलिमानस १४४१६, दोन्ही मोफत. मेडिकलमध्ये मानसोपचाराची ओपीडी आहे, तिथं जा.

अन् एक गोष्ट मी हात जोडून सांगते. रोज भरपूर पिणाऱ्या माणसाची दारू घरी कोंडून एकदम बंद करू नका. दोन-तीन दिवसांत झटके येतात, भास होतात, माणूस दगावूही शकतो. बेटीच्या गोळ्यासुद्धा डॉक्टरांच्या देखरेखीत उतरवल्या होत्या. न सांगता चहात टाकायच्या गोळ्या, बाबाचा अंगारा, यात पडू नका, न सांगता दिलेलं औषध जिवावर बेततं.

मी वीसच वर्षांची आहे, मले कोण ऐकते?

हा प्रश्न सगळ्यांसमोर कोणी विचारला नाही. चपला घालताना दारात एक पोरगी थांबली अन् हळूच म्हणाली. मी तेव्हा नीट उत्तर देऊ शकले नाही, मागून कोणीतरी आवाज देऊन राहिलं होतं.

बाळा, सुझनही वीसचीच होती, अन् पहिल्यांदा तिलाही हाकलून दिलंच होतं. तू एकटी बोलू नको. घरातला असा एक माणूस शोध ज्याचं ते ऐकतात, मामा असो, आत्या असो, शेजारचे काका असोत. रात्री नाही, सकाळी. काय काय पाहिलं ते तारखेसकट कागदावर लिहून ठेव, तोंडानं बोलताना रडू येते अन् मुद्दा राहून जातो. घरात मारहाण होत असेल तर आधी तू अन् आई सुरक्षित जागी, बाकी सगळं नंतर. अन् पहिली खेप फसली तर दुसरीला मी येते सोबत. रविवारी सकाळी दहा ते बारा मी मंडळाच्या खोलीवरच असते, कुलूप दिसलं तर बाजूच्या किराणावाल्या काकूंकडं चावी आहे, आत बसून राहा.